‘हाय अँड लो’ पाहून गच्चीवरून उतरताना विचारले जाणारे प्रश्न

साखर पेठेतल्या आमच्या गच्चीवर दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सिनेमा असतो. पडदा म्हणजे मधोमध शिलाई मारलेली दोन पांढरी कापडं. सोलापुरात कापडाला काय तोटा! माणसं पंचवीस-तीस, त्यातली निम्मी शेजारचीच. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा हा अपहरणपट आजवर तीनदा दाखवला आणि तिन्ही वेळा रात्री साडेअकराला जिन्यात तेच ते प्रश्न. तिसऱ्या वेळी माझा घसा बसला, म्हणून हे लिहून ठेवतोय. मी दिवसा एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. त्यामुळे उत्तरं जरा खतावणीच्या अंगाने जातील, सांभाळून घ्या.

सिनेमा न बघता हे वाचलं तर चालेल का?

नको. इथून खाली सगळं फोडलंय. 143 मिनिटं काढा, बघून या, मग वाचा.

कुठला, कधीचा, कुणाचा?

जपानी आहे, 1963 सालचा, कृष्णधवल. (एक जागा सोडून. तिच्याबद्दल पुढे.) मूळ जपानी नावाचा सरळ अर्थ ‘स्वर्ग आणि नरक’. इंग्रजीत त्याचं ‘हाय अँड लो’ झालं, आणि आपल्याकडे तेच चालतं. मला जपानी नावच जास्त पटतं, कारण सिनेमात खरोखर एक टेकडी आहे आणि टेकडीखाली वस्ती आहे. शहर योकोहामा. बुटांच्या कंपनीतला मोठा अधिकारी गोंदो म्हणजे तोशिरो मिफुने, तपास करणारा इन्स्पेक्टर तोकुरा म्हणजे तात्सुया नाकादाई आणि अपहरणकर्ता ताकेउची म्हणजे त्सुतोमु यामाझाकी. आमच्या गच्चीवर गोंदोचं नाव पहिल्याच शोला ‘गोंदूशेठ’ पडलं. तेव्हापासून कुणी दुसरं काही म्हणत नाही.

सुरुवातीचा पाऊण तास नुसती बडबड आहे. झोप आली की ओ. तो भाग पळवला तर?

पळवू नका. हा प्रश्न दर वेळी येतो आणि विचारणारा माणूस दर वेळी तोच असतो, हेही नोंदवून ठेवतो.

जवळजवळ पहिला तासभर आपण गोंदूशेठच्या दिवाणखान्यातून बाहेर पडत नाही. तिथे कंपनीचे बाकीचे संचालक येतात. त्यांना स्वस्त, दिसायला छान आणि लवकर फाटणारे बूट काढायचेत. गोंदूशेठ नाही म्हणतो. तो सोळाव्या वर्षी बूट शिवायला बसलेला माणूस. नमुन्याचा बूट तो त्यांच्यासमोर हाताने फाडून दाखवतो. ते रागारागाने जातात. मग कळतं की या गड्याने घर गहाण टाकून, होतं नव्हतं ते विकून, गुपचूप कंपनीचे शेअर्स गोळा करायचा डाव टाकलाय. 5 कोटी येनांचा चेक ओसाकाला पाठवला की कंपनीची सूत्रं त्याच्या हातात येणार. चेक तयार आहे, सेक्रेटरी कावानिशी विमानतळाकडे निघायच्या तयारीत आहे.

तेवढ्यात फोन वाजतो. ‘तुझा मुलगा माझ्याकडे आहे. 3 कोटी येन.’

आता तुम्ही पाऊण तास पळवला असता तर या 3 कोटींना काही वजनच उरलं नसतं. श्रीमंत माणूस आहे, दिले तर काय बिघडलं, असं वाटलं असतं. कुरोसावाने आधी त्याची तिजोरी उघडून दाखवली, तळाशी किती आहे ते मोजून दाखवलं आणि मग हात घातला.

पहिला धक्का कुठला?

गोंदूशेठचा मुलगा जुन दारातून आत येतो. तोच! मग पळवलं कुणाला? ड्रायव्हर आओकीच्या मुलाला, शिनिचीला. पोरं शेरीफ आणि चोर खेळत होती, खेळता खेळता कपडे बदलले होते. अपहरणकर्त्याने कपडे बघून पोर उचललं.

या क्षणी गच्चीवर दर वेळी एक सुस्कारा ऐकू येतो. मग दोन सेकंदांनी लोकांना स्वतःच्याच सुस्काऱ्याची लाज वाटते, कारण आओकी तिथेच कोपऱ्यात उभा आहे. त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा जात नाही. तो नुसता उभा असतो, मालकाच्या घरात, हातात टोपी घेतल्यासारखा. आमच्या शेजारच्या आक्कांनी, ज्यांच्या घरच्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या कापडाच्या मागावर काम केलं, पहिल्या शोला या ठिकाणी मोठ्याने म्हटलं होतं, “आता बघा, शेठचा आवाज बदलणार.” आणि खरंच बदलतो. घटकाभरापूर्वी ‘कितीही पैसे जाऊ देत’ म्हणणारा माणूस पोलिसांना बोलवा म्हणतो.

चुकीचं पोर उचललंय हे कळल्यावर त्या माणसाने नाद का सोडला नाही?

हाच सिनेमाचा गाभा आहे. तो म्हणतो, असू दे, पैसे तूच दे. तुझं पोर नाही म्हणून तू मरू देशील का? म्हणजे खंडणी आता बापाच्या मायेवर उभी नाही, ती मालकाच्या अब्रूवर आणि सदसद्विवेकावर उभी आहे. चूक त्याने केली आणि बिल गोंदूशेठच्या नावावर फाडलं. मी इतकी वर्षं कीर्द लिहितोय, पण नावे आणि जमेची इतकी दुष्ट उलथापालथ कुठल्या वहीत पाहिली नाही.

जाता जाता: आपल्या कायद्यालाही पोर कुणाचं याने फरक पडत नाही. खंडणीसाठी अपहरणाचं कलम, पूर्वीचं भारतीय दंडविधान 364-अ, 1993 साली आलं. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेत 140(2) म्हणून आहे. त्यात ‘दुसऱ्या कुठल्याही व्यक्तीला’ खंडणी द्यायला भाग पाडणं असाच शब्दप्रयोग आहे. ती व्यक्ती बापच असली पाहिजे असं नाही. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, आणि दंड. मात्र नुसतं पळवून पैसे मागितले की झालं, असंही नाही. जिवाची किंवा इजेची धमकी, किंवा तशी भीती वाटावी असं वागणं सिद्ध व्हावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं.

तो पैसे द्यायला नक्की कधी तयार होतो? मला तो क्षण सापडलाच नाही.

मलाही नाही, आणि मी तीनदा शोधलाय. रात्रभर ‘नाही’. बायको विनवते, नाही. आओकी जमिनीवर डोकं टेकतो, नाही. सकाळी कावानिशी, म्हणजे त्याचा उजवा हात, फार पोटतिडकीने ‘देऊ नका’ सांगू लागतो, आणि शेठच्या ध्यानात येतं की हा विरोधकांना विकला गेलाय. हा दुसरा धक्का. पण त्यानंतरही तो ‘नाही’च म्हणतो. आणि मग थोड्या वेळाने तोच माणूस बँकेला फोन करून रोख रकमेची तयारी ठेवा म्हणताना दिसतो.

मधला क्षण दाखवलेलाच नाही. एका मास्तरांनी याला त्रुटी म्हटलं. मला वाटतं, आयुष्यातले मोठे खर्च असेच होतात. बहिणीच्या लग्नाला, भावाच्या आजारपणाला आपण कधी ‘हो’ म्हणालो ते आठवत नाही. पासबुकात रक्कम तेवढी गेलेली दिसते.

बॅगा शिवायचा सीन इतका लांब कशाला?

लांब नाही हो, जेमतेम दोन-चार मिनिटांचा असेल. पण मनात रेंगाळतो. पोलिसांना पैशांच्या बॅगांच्या अस्तरात दोन पुड्या लपवायच्या असतात. बॅग पाण्यात बुडवली तर एकीचा उग्र वास सुटेल. बॅग जाळली तर दुसरीचा गुलाबी धूर निघेल. हे काम कुणाला जमेना. गोंदूशेठ म्हणतो, आणा इकडे. तो आपली जुनी हत्यारांची पेटी मागवतो, जमिनीवर मांडी ठोकतो आणि चामडं उसवून परत शिवायला लागतो.

त्याचे हात बघा. सूट घातलेला, उंची गालिच्यावर बसलेला माणूस, आणि आरी धरायची बोटं मात्र उमेदवारीच्या दिवसांतली. पोलीस गप्प उभे राहून बघतात. मिफुने इथे चेहऱ्याने काही करत नाही. ज्या कारागिरीच्या जोरावर तो वर चढला, तीच वापरून तो स्वतःला खाली उतरवणारी बॅग शिवतोय. आमच्या गच्चीवर मागावर काम केलेली दोन-तीन माणसं असतात. एरवी सिनेमाभर विड्या ओढायला जिन्यात जाणारी ही मंडळी या सीनला जागची हलत नाहीत.

रेल्वेचा सीन परत सांगा. सात सेंटिमीटरचं काय होतं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, त्यामुळे ऐसपैस सांगतो.

घरातल्या तासाभराच्या घुसमटीनंतर एका कटमध्ये आपण भरधाव गाडीत असतो. गाडी ‘कोदामा’, टोकियो-ओसाका मार्गावरची त्या काळची वेगवान एक्सप्रेस. शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, नव्हे, ती 1 ऑक्टोबर 1964 ला सुरू झाली. अपहरणकर्त्याने सांगितलंय, पैसे सात सेंटिमीटरपेक्षा जाड नसतील अशा बॅगांत घालून या गाडीत बस. पोलीस साध्या वेशात डब्यात पसरलेत. त्यांची समजूत अशी की गाडीच्या खिडक्या उघडतच नाहीत, तेव्हा जे काही व्हायचं ते डब्यातच होणार, आणि डब्यात आपण आहोतच.

मग गाडीतल्या फोनवर गोंदूशेठला बोलावणं येतं. साकावा नदीच्या पुलाच्या अलीकडे पोर उभं दिसेल, बघून घे. पूल ओलांडला की बॅगा फेक. फेकणार कुठून? प्रसाधनगृहाच्या खिडकीतून. गाडीतली तेवढीच एक खिडकी थोडीशी उघडते. किती? सात सेंटिमीटर.

पोलिसांकडे काही सेकंद आहेत. उतरता येत नाही, गाडी थांबवता येत नाही. एक जण पुढून, एक जण मागून छोट्या 8 मिमी कॅमेऱ्याने बाहेरचं चित्रण करतो, तेवढंच हाती लागतं. पोर दिसतं, पूल धडधडत जातो, बॅगा पडतात, कुणीतरी उचलतं, संपलं.

हा प्रसंग खऱ्या धावत्या गाडीत, एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून चित्रित केलाय. गाडी परत परत मागे नेणं परवडणारं नव्हतं. पोर दिसायच्या जागेआड एक घर येत होतं म्हणून त्याचा वरचा भाग मालकाच्या परवानगीने उतरवून ठेवला होता, असं सांगतात. कुरोसावाच्या हट्टीपणाच्या गोष्टी पुष्कळ आहेत, त्यातली ही माझी आवडती.

आता आपल्याकडचं. दुसऱ्या शोनंतर हुतात्मा एक्सप्रेसने नेमाने पुण्याला जाणाऱ्या एका तरुणाने जिन्यात थांबून हे सोलापुरात जमेल का, याचं सगळं गणित मांडलं. मोहोळच्या अलीकडे सीना नदीचा पूल आहे, म्हणजे जागा चांगली. पण साध्या डब्याच्या खिडकीला आडवे गज. सात सेंटिमीटरची बॅग त्यातून गेली तरी नशीब. आपत्कालीन खिडकीला गज नसतात, पण तिथे आधीच कुणीतरी पाय पसरून बसलेला असतो. आणि फेब्रुवारी 2023 पासून धावणाऱ्या मुंबई-सोलापूर वंदे भारतच्या काचा तर उघडतच नाहीत. “म्हणजे वंदे भारतमुळे खंडणीखोरांची गैरसोय झाली,” असा निष्कर्ष निघाला. मुद्दा चेष्टेचा असला तरी खरा आहे: या धक्क्यात चमत्कार काही नाही. तो माणूस त्या गाडीने प्रवास करून, खिडकी मोजून आलाय. हातात पट्टी घेऊन बसलेला गुन्हेगार बंदूकवाल्यापेक्षा जास्त घाबरवतो.

मध्येच पडद्यावर गुलाबी रंग आला. प्रोजेक्टर बिघडला होता का?

नाही हो! तीच ती एक जागा. अख्ख्या कृष्णधवल सिनेमात तेवढाच एक रंग.

पोलीस वर्तमानपत्रवाल्यांना विश्वासात घेतात आणि खंडणीतली एक नोट बाजारात सापडली, अशी बातमी छापून आणतात. खुनाची, म्हणजे अपहरणकर्त्याचे दोन साथीदार मेल्याची (ते पुढे येतंच) बातमी मात्र दाबून ठेवतात. ताकेउची बातमी वाचून धास्तावतो आणि बॅगा नष्ट करायच्या मागे लागतो. इकडे गोंदूशेठच्या घरात पोलीस बसलेत. खिडकीतून खालचं शहर दिसतंय, राखाडी, धुरकट, आणि त्यातल्या एका चिमणीतून गुलाबी धूर वर चढतोय. शिवलेली पुडी! चिमणी निघते एका इस्पितळाच्या भट्टीची. बॅगा तिथे जाळल्या गेल्या, आणि जाळायला देणारा निघतो तिथलाच शिकाऊ डॉक्टर.

तिन्ही शोला इथे लोकांनी मागे वळून माझ्या प्रोजेक्टरकडे पाहिलं. एकदा तर एकाने उठून वायर हलवली. 1963 मध्ये थिएटरातही काही जण असेच चुळबुळले असतील.

चिमण्यांचं आपल्याला काय कौतुक, असं म्हणू नका. गिरण्यांच्या चिमण्यांकडे बघून या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाळी बदलली. होटगी रोडवरची साखर कारखान्याची उंच चिमणी जून 2023 मध्ये विमानतळासाठी पाडली, तेव्हा निम्मं गाव मोबाइल धरून उभं होतं. धूर कुठल्या रंगाचा आहे यावरून आत काय चाललंय ते ओळखणारी माणसं आमच्या गच्चीवर अजून आहेत. त्यांना या सीनचं स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही, फक्त प्रोजेक्टर ठीक आहे एवढंच सांगावं लागलं.

गुन्हेगाराचा चेहरा इतक्या लवकर दाखवून टाकला. मग राहिलं काय?

खूप राहिलं. पोर परत आल्यानंतर लगेचच कॅमेरा टेकडीखाली उतरतो, एका घाणेरड्या नाल्याच्या कडेने एका कोंदट खोलीत जातो आणि तिथे बसलेला ताकेउची आपल्याला सरळ दाखवतो. ‘कोण’ हा प्रश्न कुरोसावाने स्वतःच्या हाताने मिटवला. त्याच सुमारास गोंदूशेठही गोष्टीतून जवळपास बाजूला होतो. नायक गेला, रहस्य गेलं, आणि सिनेमा अर्धा शिल्लक!

उरतं ते पोलिसांचं काम. घामाने भिजलेले शर्ट, कर्रकर्र फिरणारे पंखे, एकामागून एक उठून ‘साहेब, यातून काही निष्पन्न झालं नाही’ सांगणारे हवालदार. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे ऐकू आलेली रेल्वेची घरघर एक रेल्वेवाला ऐकतो आणि ती कुठल्या मार्गाची ते ओळखतो. पोराने काढलेल्या चित्रावरून समुद्र आणि फुजी पर्वत कुठून तसे दिसतील, ते शोधलं जातं. ड्रायव्हर आओकी तर स्वतःच पोराला गाडीत घालून रस्ते धुंडाळतो, ‘आठव, आठव’ म्हणून त्याच्यावर खेकसतो. सुटून आलेल्या पोराला बापानेच असं धारेवर धरावं, कारण मालकाचं ऋण फेडायचंय. हे बघताना मला त्या अपहरणकर्त्याला बघण्यापेक्षा जास्त त्रास झाला.

तपास आणि आओकी एकाच घरापाशी येऊन पोचतात. आत दोन्ही साथीदार मेलेले. अतिशुद्ध हेरॉइनने.

पत्ता लागल्यावर पोलिसांनी त्याला तिथल्या तिथे का उचललं नाही?

शिक्षेच्या हिशेबामुळे. सिनेमातल्या पोलिसांच्या हिशेबाने अपहरणासाठी त्याला जास्तीत जास्त 15 वर्षं झाली असती. इन्स्पेक्टर तोकुराला ते पुरेसं वाटत नाही. साथीदारांचा खून त्यानेच केला हे सिद्ध झालं तर फाशी होईल. म्हणून ते सापळा लावतात: साथीदार जिवंत आहेत आणि अजून माल मागतायत, असं ताकेउचीला भासवतात, म्हणजे तो त्यांना परत मारायला निघेल आणि रंगेहाथ सापडेल.

तो निघतो. पण त्याआधी हेरॉइनची मात्रा तपासायला नशेबाजांच्या गल्लीत जाऊन एका बाईवर ती वापरून बघतो. ती मरते. पोलीस मागावर होते, थोड्या अंतरावर. त्यांना हे थांबवता आलं नाही.

यावरून गच्चीवर कडाक्याचं भांडण झालं होतं. माझं मत सांगतो: सिनेमातला सगळ्यात काळा धक्का हाच आहे आणि त्यावर कुणी बोटसुद्धा ठेवत नाही. फाशीसाठी वाट बघितली, त्यात एक जीव गेला. ती बाई टेकडीखालची होती, तिच्यासाठी कुणी 3 कोटी मागितले नव्हते. तोकुरा मला आवडतो, नाकादाईचं काम तर फारच आवडतं, पण ही नोंद त्याच्या खात्यावर राहतेच. कुरोसावाने ती मुद्दाम ठेवली असावी असं मला वाटतं. सिनेमा चांगला की नाही ते तिने ठरत नाही, पण इन्स्पेक्टर किती स्वच्छ, ते ठरतं.

कायद्याचं पुढे काय झालं तेही सांगतो. सिनेमा 1 मार्च 1963 ला लागला. त्याच महिन्याच्या शेवटी टोकियोत एका चार वर्षांच्या मुलाचं खंडणीसाठी अपहरण झालं आणि त्याला मारण्यात आलं. 1964 मध्ये जपानने खंडणीसाठीच्या अपहरणाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवणारं वेगळं कलम आणलं.

पण त्याने हे सगळं केलं का? डॉक्टर होणार होता की!

शेवटच्या भेटीत तो साधारण असं सांगतो: माझी खोली हिवाळ्यात इतकी गार की झोप लागायची नाही, उन्हाळ्यात इतकी तापायची की झोप लागायची नाही. तिथून वर बघितलं की तुझं घर स्वर्गासारखं दिसायचं. बघता बघता तुझा द्वेष करायला लागलो, आणि मग तेच जगण्याचं कारण झालं.

पुण्या-मुंबईचा समीक्षक याला वर्गसंघर्ष म्हणून पुढे जाईल. आम्ही हा सिनेमा एकदा मे महिन्यात दाखवला. दिवसा पारा 43 च्या घरात, रात्री नऊ वाजताही गच्चीची फरशी पायाला चटका देत होती, पाणी मारलं की वाफ. खालच्या बोळातल्या पत्र्याच्या खोल्यांमधली माणसं बाजा बाहेर टाकून बसलेली. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एसीचं बाहेरचं मशीन घुंऽऽ करत होतं आणि त्याचं पाणी टपटप बोळात पडत होतं. ताकेउची ते वाक्य बोलला, मी माइकवर मराठीत सांगितलं, आणि पंधरा-वीस माना आपोआप त्या मशीनकडे वळल्या. कुणी काही बोललं नाही. ताकेउचीची बाजू घ्यायला कुणी तयार नव्हतं, आक्का तर त्याला शिव्याच घालत होत्या. पण उकाडा सगळ्यांना कळला.

शेवट समजला नाही. एकदम शटर काय पडलं?

गोंदूशेठ तुरुंगात त्याला भेटायला जातो, कारण ताकेउचीने धर्मगुरूऐवजी यालाच बोलावलंय. मध्ये जाळी आणि काच. एकाचा चेहरा दिसतो तेव्हा काचेत दुसऱ्याचं प्रतिबिंब त्यावर येऊन बसतं. ताकेउची म्हणतो मी घाबरत नाही, हात थरथरतात ते एकांतवासामुळे. मग तो किंचाळायला लागतो, शिपाई ओढून नेतात, लोखंडी पडदा धाडकन खाली येतो. गोंदूशेठ पाठमोरा बसून राहतो. समाप्त.

तो काहीच उत्तर देत नाही, ही लोकांची तक्रार. काय देणार? त्याचा हिशेब असा: पोर वाचलं. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, कंपनीच्या बुटांवर बहिष्कार टाकला. पैसे परत मिळाले, पण मुदत टळून गेल्यावर. तोवर घर सावकारांनी घेतलं. आता एका छोट्या कंपनीत तो परत बूट बनवतोय आणि मला वाटतं, आधीपेक्षा बरा झोपतोय. हे तो समोरच्याला कसं सांगणार?

हिंदीत हाच आहे ना कुठलातरी?

‘इनकार’, 1977, दिग्दर्शक राज सिप्पी. विनोद खन्ना पोलीस, अमजद खान अपहरणकर्ता आणि बुटांचा उद्योगपती आपले डॉ. श्रीराम लागू. जपानीत खलनायक होऊ घातलेला डॉक्टर. हिंदीत शेठच्या भूमिकेत खराखुरा कान-नाक-घशाचा सर्जन! हेलनचं ‘मुंगळा’ यातलंच, आवाज उषा मंगेशकरांचा. गाणं गावात प्रत्येकाला पाठ आहे, सिनेमा निम्म्यांना आठवत नाही.

दोन्हींच्या मुळाशी एड मॅकबेनची 1959 ची अमेरिकन कादंबरी आहे, ‘किंग्ज रॅन्सम’. तिथला मालक पैसे द्यायला ठाम नकार देतो. म्हणजे ‘इनकार’ हे नाव खरं तर तिला जास्त शोभलं असतं. 2025 मध्ये स्पाइक लीने हीच गोष्ट न्यूयॉर्कला नेली, डेन्झेल वॉशिंग्टनला संगीत कंपनीचा मालक केलं. ठीक आहे. गाडीचा प्रसंग तिथेही आहे, मेट्रोत. बॅग शिवणारे हात मात्र नाहीत, आणि त्याची मला चुटपुट लागली.

लहान मुलांना आणलं तर चालेल?

पोर सुटेपर्यंत चालेल. नशेबाजांच्या गल्लीच्या आधी घरी न्या.

हे बघून पोरांना बाहेर सोडायची भीती वाटते. आमच्या ग्रुपवर परवाच ‘पोरं पळवणारी टोळी फिरतेय’ असा मेसेज होता.

तो मेसेज पुढे पाठवला असेल तर आधी पुसा. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, आणि त्यातले बरेच आपल्या जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. पोरं पळवायला आलेले म्हणून मारले गेले, आणि त्यांची स्वतःची पोरं इथे वाट बघत होती. सिनेमातही गुन्हेगार कपडे बघूनच चुकला होता, हे मला त्यानंतर पहिल्यांदा बघताना जाणवलं आणि मधेच प्रोजेक्टर बंद करावासा वाटला.

खरोखर संशय आला तर 112, मुलांसाठी 1098. गर्दी जमवू नका.

तो सुरुवातीचा बूट खरंच हाताने फाटतो का, की सिनेमाची लबाडी?

हा प्रश्न फक्त एकदाच आला, पण उत्तर मला आवडलं म्हणून घेतो. मधल्या मारुतीजवळ चपलांचं दुकान असलेले एक काका दुसऱ्या शोला आले होते. उतरताना मी त्यांनाच विचारलं. ते जिन्यात वाकले, माझी चप्पल उचलली, तळ मागे वाकवला, कडेला नख घातलं. “शिलाई नाही, नुसतं सोल्युशन लावलंय,” म्हणाले. “फाडून दाखवू का?”

मी नको म्हटलं. दीड महिना टिकेल, असं सांगून ते गेले. पाच आठवडे टिकली.